मेण, रॉकेल आणि धुण्याची पावडर : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात धुण्याच्या पावडरीवरच्या लेखात सोव्हिएत काळातल्या ‘लोटस’ पावडरीचा दोन ओळींत उल्लेख होता. त्यावरून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. निम्मी इतिहास विचारणारी, निम्मी स्वतःच्या शेडमधल्या पावडरीची तक्रार सांगणारी. दोन्हींची उत्तरं एकमेकांत अडकलेली असल्यामुळे वेगळी काढली नाहीत.

सोव्हिएत देशात साबण होताच. मग पावडरीचे एवढे मोठे कारखाने काढायची गरज का पडली? आणि मेणापासून साबण करत, हे खरं का?
– एक वाचक, जामनेर

साबण होता, पण त्यात जाणारं तेल-चरबी खायलाच पुरत नव्हती. तिथल्या धुण्याच्या वडीवर ७२ टक्के असा ठसा असे. म्हणजे शंभर ग्रॅम वडीत ७२ ग्रॅम मेदाम्लं, तेल-चरबीतून येणारी आम्लं. असा एक टन साबण करायचा तर साधारण पाऊण टन तेल किंवा चरबी कढईत जाते. महायुद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाला हे परवडणारं नव्हतं. कृत्रिम रबराचीही तीच गत होती: त्यासाठी लागणारं अल्कोहोल धान्य-बटाट्यापासून काढत. मे १९५८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीची खास बैठक रसायन उद्योग वाढवण्यासाठी झाली, तिच्यामागे खाण्याचा माल कारखान्यांतून सोडवून घेण्याची ही निकडही होती.

मेणाचं म्हणाल तर अगदी खरं. जर्मनीत रूर नदीकाठच्या विटेन इथे १९३० च्या दशकातच हा उद्योग झाला होता. सोव्हिएत देशाने तो फार मोठ्या प्रमाणावर नेला. बेल्गोरोद भागातलं शेबेकिनो आणि व्होल्गा-डॉन कालव्याच्या कामातून जन्मलेलं व्होल्गोदोन्स्क ही त्याची ठळक ठिकाणं. कालवा १९५२ मध्ये खुला झाला आणि व्होल्गोदोन्स्कचा रासायनिक कारखाना १९५८ मध्ये सुरू झाला.

कृती अशी. मेणबत्तीसारखं पॅराफिन वितळवून उंच टाकीत घ्यायचं. त्यात हजारी दोन-तीन भाग पोटॅशियम परमँगनेट घालायचं आणि खालून हवा सोडायची. तापमान सुरुवातीला १२० अंशांच्या वर, नंतर उतरवत १०५-११० पर्यंत. पंधरा-वीस तासांत मेणाची लांब साखळी मध्येच तुटते आणि तुटलेल्या टोकाला आम्ल तयार होतं. सगळी मेख इथे आहे: साधारण एक तृतीयांश मेण बदललं की थांबायचं. लोभाने हवा चालू ठेवली तर तयार झालेली आम्लंच पुन्हा जळतात, काळपट चिकट माल होतो आणि त्याचा साबण धड कडक होत नाही. थांबल्यावर अल्कली घालून आम्लांचा साबण करायचा, न बदललेलं मेण तापवून बाजूला काढायचं आणि परत टाकीत पाठवायचं. मग साबण आम्लाने फोडायचा आणि सुटलेल्या मेदाम्लांचं निर्वात ऊर्ध्वपातन करायचं, म्हणजे हवा काढलेल्या भांड्यात उकळून वाफेवाटे भाग वेगळे करायचे. दहा ते सोळा कार्बनांचा भाग साबणाकडे, सतरा ते वीसचा थोडा त्यात मिसळायला, पाच ते नऊचा दुसऱ्या कामांना.

दोन खोडी मात्र शेवटपर्यंत गेल्या नाहीत. लहान साखळीची आम्लं पुरती निघाली नाहीत तर वडीला बोकडासारखा वास येतो. आणि सगळ्यांत लहान आम्लं पाण्यात विरघळत असल्याने ती सांडपाण्यात जातात. असे कारखाने गावाच्या नाकाला दुरूनच कळत.

शिवाय इतकं करून हातात आला तो साबणच. जड, म्हणजे क्षारांच्या पाण्यात तो फाटायचा तसाच फाटायचा. म्हणून पुढची पायरी आली: सल्फोनेट आणि सल्फेट जातीचे फेसक, म्हणजे फेस आणून मळ काढणारी कृत्रिम द्रव्यं. अल्किल बेंझीन सल्फोनेटला तिकडे ‘सल्फोनॉल’ म्हणत. आपल्याकडची ॲसिड स्लरी, म्हणजे पावडरीत घालतात ते दाट आम्ल, सोड्याने मारली (तिचं आम्लपण घालवलं) की जे होतं, ते याच कुळातलं.

पहिल्या रशियन पावडरीत देवमाशाचं तेल होतं म्हणतात. अफवा का?
– एक वाचक, भुसावळ

अफवा नाही. १९५० च्या दशकातली ‘नोव्होस्त’ ही पावडर स्पर्म व्हेलच्या तेलातून काढलेल्या मेद-अल्कोहोलांवर केलेली होती. हे तेल आपल्या खाद्यतेलासारखं नसतं, रासायनिक दृष्ट्या ते द्रवरूप मेण आहे. ते फोडलं की सरळ अल्कोहोल मिळतं, त्याचं सल्फेट केलं की फेसक तयार. त्यात सोडा घालावा लागत नसल्याने लोकर आणि रेशमासाठी ती चांगली होती. रोजच्या सुती कपड्यांच्या ढिगाला पुरेल एवढे देवमासे अर्थातच कोणत्याच समुद्रात नव्हते.

आमची पावडर फावड्याने मिसळलेली, पिठासारखी. मोठ्या कारखान्याची रवाळ, हलकी, पाण्यात टाकताच विरघळणारी. टॉवर नेमकं काय करतो? छोटा टॉवर बसवता येईल का?
– एक लघुउद्योजक, चोपडा

टॉवर म्हणजे उंच पोकळ नळकांडं. आधी ‘क्रचर’ नावाच्या मिक्सरमध्ये फेसक, सोडा, सिलिकेट, सोडियम सल्फेट आणि ट्रायपॉलीफॉस्फेट (पाणी मऊ करणारं फॉस्फेट) पाण्यात कालवून दाट राबडी करतात. घन भाग ६० ते ६५ टक्के, तापमान ६० ते ८० अंश. ही राबडी ५० ते १०० बार दाबाने वरच्या नोझलांतून फवारायची आणि खालून २५० ते ३५० अंशांची हवा सोडायची. थेंब खाली येताना आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, थेंब फुगतो आणि पोकळ दाणा तळाशी पडतो. तो हलका असतो तो याच कारणाने: एक लिटर मापात तीनशे ते पाचशे ग्रॅमच बसतात.

आता खर्च पाहा. राबडीत ३५ टक्के आणि पावडरीत ८ टक्के पाणी धरलं तर एक टन पावडरीसाठी सुमारे १,४१५ किलो राबडी लागते आणि सुमारे ४१५ किलो पाणी उडवावं लागतं. वाया जाणारी उष्णता धरून टनाला ४० ते ५० लिटर डिझेलइतकं इंधन. त्यात उच्च दाबाचा पंप, धूळ पकडणारी सायक्लोन आणि बॅग फिल्टर. आमचं मत स्पष्ट आहे: दिवसाला दोन-तीन टन काढणाऱ्याने याच्या नादी लागू नये. टॉवर चालू-बंद करणं हेच त्याचं मरण आहे. भिंतीला चिकटलेली पावडर करपते आणि पुढच्या मालात तपकिरी ठिपके येतात. सोव्हिएत कारखाने तीन पाळ्यांत अखंड चालत म्हणून त्यांना टॉवर शोभला.

आपल्याकडे १९५९ मध्ये आलेली ‘सर्फ’ टॉवरची होती. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी ‘निरमा’ सुरू केली ती टॉवरशिवाय, सोडा आणि स्लरी कोरडी मिसळून. तुमचं घराणं हे दुसरं. त्यात कमीपणा काही नाही, फक्त ते नीट करायला हवं. पुढचं उत्तर तुमच्यासाठीही आहे.

श्रावणात पावडरीची ढेकळं होतात, काही पिशव्या फुगतात, मालात तपकिरी ठिपके दिसतात. सोडा खराब आहे का?
– एक लघुउद्योजक, अमळनेर एमआयडीसी

सोड्याला लगेच दोष देऊ नका. तिन्ही तक्रारी बहुतेक एकाच घाईतून येतात.

आधी १०० किलोचं एक चालणारं माप: हलका सोडा ॲश ३८ किलो, नव्वद टक्क्यांची ॲसिड स्लरी १२ किलो, निर्जल सोडियम सल्फेट ३४ किलो, मीठ १० किलो ७०० ग्रॅम, ट्रायपॉलीफॉस्फेट ४ किलो, सीएमसी (निघालेला मळ कपड्यावर परत बसू न देणारी पूड) १ किलो, टिनोपॉल (कपडा शुभ्र दिसण्यासाठी) १०० ग्रॅम, सुगंध २०० ग्रॅम. सोडा ‘लाइट’च घ्या. ‘डेन्स’चा दाणा घट्ट असतो, स्लरी आत शिरत नाही, वरच बसते.

स्लरी मारायला प्रत्यक्षात किती सोडा लागतो? दहा किलो स्लरीला जेमतेम दीड किलो, त्यातलं मोकळं सल्फ्युरिक आम्ल धरून थोडा जास्त. बाकीचा सोडा धुण्याच्या कामाचा आणि स्लरी शोषणारा. पण या क्रियेत दहा किलो स्लरीमागे सुमारे ३४० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. तो निघायला वेळ लागतो. तासाभरात माल पिशवीत भरला तर उरलेला वायू पिशवीत निघतो, म्हणून ती फुगते. जिथे स्लरीची गाठ तशीच राहिली तिथे तपकिरी ठिपका. तो हाताला चुरचुरतो, कारण ते न मेलेलं आम्ल आहे. पूर्ण कोरडा, चुरगळल्यावर न पसरणारा ठिपका असेल तर गंज समजा: स्लरी लोखंडी पिंपात किंवा पत्र्याच्या घमेल्यात ठेवली की तो येतोच. प्लास्टिकचं पिंप किंवा स्टेनलेस स्टील वापरा.

मिसळण्याचा क्रम असा ठेवा. सोडा पसरून त्यावर स्लरी बारीक धारेने, चार-पाच हप्त्यांत घाला आणि प्रत्येक हप्ता मुरल्यावर पुढचा. स्लरीवर सोडा टाकू नका, फेस उसळून अंगावर येतो. स्लरी पातळ करायला पाणी घालण्याचीही चूक होते. ती पातळ व्हायच्या ऐवजी जेलीसारखी दाटते. मालाची रास तापेल, ती चार-पाच सेंटिमीटर थरात पसरून रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी सल्फेट, मीठ, सीएमसी घाला, पल्व्हरायझरमधून काढा, चाळा. फॉस्फेट नंतर घालायचं, कारण उष्ण आम्लात ते फुटतं. टिनोपॉल आधी किलोभर सल्फेटमध्ये घोटून मग सगळ्यात, नाहीतर हिरवट-पिवळे पट्टे उठतात. सुगंध सगळ्यांत शेवटी, माल गार झाल्यावर. चष्मा, हातमोजे आणि नाकाला फडकं असल्याशिवाय हे काम करू देऊ नका. स्लरी अंगावर उडाली तर आधी भरपूर पाणी, बाकी सगळं नंतर.

आता ढेकळं. सोडा ॲश हवेतलं पाणी धरून ठेवतो, हे सगळ्यांना माहीत असतं. सल्फेटही धरतं, हे विसरलं जातं: ३२ अंशांच्या खाली, ओलाव्यात त्याच्या प्रत्येक रेणूला पाण्याचे दहा रेणू चिकटतात आणि खडे होतात. श्रावणात शेडमधलं तापमान नेमकं याच्या खाली असतं. उन्हाळ्यात मोकळी राहणारी पावडर त्यामुळेच पावसाळ्यात दगड होते. त्यात मीठ स्वस्तातलं असेल तर मॅग्नेशियम क्लोराइड पाणी ओढून घेतं. उपाय: पावसाळी मालात मीठ निम्मं करून चांगल्या प्रतीचं वापरा, गरम माल कधी भरू नका (पिशवीच्या आत घाम सुटतो), जाड प्लास्टिकची शिवण घट्ट करा. टॉवरच्या पावडरीत फॉस्फेट आपल्या दाण्यातच पाणी बांधून ठेवतं, म्हणून ती जास्त टिकते. तरी पुठ्ठ्याच्या खोक्यात, दमट हवेत तिचाही गोळा होतोच.

सरकीच्या तेलाचा साबण मऊ आणि काळसर होतो. रशियात सरकीवर साबण चालत असे, मग आमचा का बिघडतो?
– एक वाचक, पारोळा

तिकडेही तो सुखासुखी झालेला नाही. उझबेकिस्तानातल्या कापसाच्या सरकीचं तेल आणि त्याच्या शुद्धीकरणातला गाळ, म्हणजे सोपस्टॉक, साबणाकडे जाई. आपल्या जळगाव-धुळ्याच्या तेल गिरण्यांचंही तेच आहे. काळेपणा येतो गॉसिपॉलमुळे, तो सरकीचाच रंग आहे. मऊपणा येतो लिनोलिक आम्लामुळे, ते तेलाच्या निम्म्याहून जास्त असतं. हेच आम्ल पुढे खवट होऊन वडीवर पिवळे डाग पाडतं.

सोपस्टॉक असेल तर आधी उकळून मिठाने फाडा. साबण वर तरंगेल, काळं पाणी खाली बसेल. ते सोडून द्या आणि हे दोनदा करा. सोपस्टॉकमध्ये बरंच पाणी असतं, म्हणून वजनावर कॉस्टिक सोडा मोजू नका, फसाल. शुद्ध तेलाचं माप मात्र पक्कं आहे: १० किलो सरकी तेलाला शुद्ध कॉस्टिक १ किलो ३८० ग्रॅम. थोडं तेल मोकळं ठेवायचं म्हणून पाच टक्के कमी घ्या. ९८ टक्क्यांचे फ्लेक्स असतील तर १ किलो ३४० ग्रॅम. कडकपणासाठी तेलाचा पाव ते तिसरा हिस्सा मोहाच्या टोळंबीचं तेल घाला, सातपुड्याच्या पायथ्याला ते मिळतं. त्यात पामिटिक आणि स्टिअरिक मिळून निम्म्याच्या आसपास असतात, वडी खणखणीत होते. नुसत्या मोहाचा साबण फेस कमी देतो, म्हणून मिश्रणच बरं.

रशियाचा आणि आपल्या पावडरीचा काही थेट संबंध आहे का, की नुसती तुलना?
– एक वाचक, शहादा

तुमच्या गावावरून जाणाऱ्या बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याच्या टोकाशीच उत्तर आहे. अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल लागलं. त्या शोधात सोव्हिएत तज्ज्ञांचा हात होता, आणि पहिल्या विहिरीला नेहरूंनी ‘वसुधारा’ नाव दिलं. ते तेल शुद्ध करायला बडोद्याजवळ कोयलीला रिफायनरी उभी राहिली, तीही सोव्हिएत मदतीने, १९६५ मध्ये. तिच्या शेजारीच पुढे इंडियन पेट्रोकेमिकल्सचा कारखाना आला. तिथे रॉकेलातून सरळ साखळीची पॅराफिनं चाळून काढतात, दहा ते तेरा कार्बनांची. ती बेंझीनला जोडली की लिनिअर अल्किल बेंझीन, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत ‘एलएबी’. उरलेलं रॉकेल परत जातं. एलएबीचं सल्फोनेशन केलं की ॲसिड स्लरी. खानदेशातल्या मिक्सरांपर्यंत येणाऱ्या मालाची ही वंशावळ आहे.

‘सरळ साखळी’ हा शब्द सोडू नका. आधीच्या फेसकांची साखळी फाट्यांची होती, तिला जिवाणू खात नसत आणि युरोपातल्या नद्यांवर फेसाचे डोंगर उठत. १९६० च्या दशकात जग सरळ साखळीकडे वळलं ते त्यामुळे.

उलट दिशेचा संबंधही आहे. रुपयात चालणाऱ्या व्यापारातून १९८० च्या दशकात भारतीय साबण, टूथपेस्ट, धुण्याची पावडर सोव्हिएत देशात जात होती.

एवढे कारखाने असूनही १९८९ मध्ये तिथे साबणाला कूपनं का लागली? पुढे त्या कारखान्यांचं काय झालं?
– एक विद्यार्थी, धुळे

साखर आधी गायब झाली होती. १९८५ च्या दारूबंदी मोहिमेनंतर ती हातभट्टीत गेली. साबण-पावडरीचं कारण वेगळं: किंमत सरकारने बांधलेली, हातात पैसा खूप, म्हणून टंचाईची कुणकुण लागताच घरोघरी साठे झाले. १९८६ मध्ये जगात तेलाचे भाव कोसळल्याने परदेशी मालासाठी चलनही आटलं. जुलै १९८९ मध्ये सैबेरियातल्या कुझबासच्या कोळसा खाणींत संप झाला, तेव्हा मागण्यांमध्ये साबण होता. खाणीतून वर आलेल्या माणसाला अंग धुवायला साबण नाही, एवढ्यावर वेळ आली होती. सरकारने घाईने आयात केली.

कारखान्यांचा घात पुरवठ्याच्या जाळ्याने केला. फॉस्फेट कझाकस्तानातून: कराताऊच्या खडकापासून फॉस्फरस, त्यापासून चिमकेंतला ट्रायपॉलीफॉस्फेट. सोडा उरलच्या बाजूने, बेरेझ्निकी आणि स्तेरलितामाक इथून. एका देशात ही नुसती रेल्वेची वाघिण होती. १९९१ नंतर मधे सीमा, जकात आणि नवं चलन आलं. १९९० च्या दशकात नोव्होमॉस्कोव्स्कचा कारखाना प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे गेला, व्होल्गाकाठच्या एंगेल्समध्ये हेंकेल आली. टॉवर तेच, पिशवीवरची नावं बदलली.

आमना गावनं पानी खारं शे, साबन लावा तरी फेस येस नही. काय करो?
– एक वाचक, शिंदखेडा तालुका

तुमचं पाणी बहुधा खारं कमी आणि जड जास्त आहे. ओळखायची रीत: एका बाटलीत पावसाचं, दुसरीत बोअरचं पाणी घ्या, दोन्हींत चिमूटभर साबणाचा कीस टाकून हलवा. बोअरच्या बाटलीत दह्यासारखे कण तरंगले तर पाणी जड.

लिटरमागे ४०० मिलिग्रॅम जडपणा असेल तर २० लिटरच्या बादलीत सुमारे ४८ ग्रॅम साबण नुसता चुना पकडण्यात खर्च होतो, फेस त्यानंतर. त्याऐवजी तेवढ्याच बादलीत साडेआठ ग्रॅम सोडा ॲश, म्हणजे ‘लाइट’ सोड्याचे सपाट तीन लहान चमचे, टाकून ढवळा. खड्याचा धुण्याचा सोडा असेल तर २३ ग्रॅम, कारण त्यात पाणीच जास्त असतं. दहा-पंधरा मिनिटांत पाणी गढूळ होऊन तळाला पांढरं बसेल. वरचं निवळ पाणी घ्या आणि मग कपडे बुडवा. कपडे आधी आणि सोडा नंतर, असं केलं तर तो पांढरा गाळ कापडातच बसतो. मग सुती कपडा खरखरीत होतो आणि रंग मेलेला दिसतो. खाण्याचा सोडा या कामाचा नाही. तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा जात नाही. लोकर आणि रेशमाला सोडा लावू नका.

मशीन असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम लिंबूफूल टाकून गरम पाण्याची फेरी लावा. हीटरवरचा थर उतरेल. त्याच फेरीत ब्लीच घालू नका, आम्लासोबत त्यातून क्लोरीन वायू सुटतो.